परतीच्या वाटेवरचा आन्स्की

शनिवारच्या सिनेमाला त्या दिवशी आम्ही सातच जण होतो. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे थांबायचं नाव नाही, आणि पडद्यावर १९३७ सालचा काळापांढरा पोलिश चित्रपट. भाषा यिद्दिश, लांबी जवळजवळ दोन तास. अर्ध्यावर दोघं चहाला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. मी राहिलो, त्याचं खरं कारण माझ्याकडे छत्री नव्हती.

चित्रपटाचं नाव 'दिब्बुक'. दिब्बुक म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा, जो जिवंत माणसाच्या अंगात शिरतो आणि निघता निघत नाही. आपल्याकडे झपाटणं म्हणतात तेच. गोष्ट अशी : सेंडर आणि निसन हे दोन जिवलग मित्र आपल्या अजून जन्मालाही न आलेल्या मुलांचं लग्न ठरवून टाकतात. निसन वादळात बुडून मरतो, सेंडर श्रीमंत होतो आणि शब्द विसरतो. पुढं निसनचा मुलगा खोनन गरीब विद्यार्थी म्हणून त्याच सेंडरच्या दारात येतो. सेंडरची मुलगी लेआ आणि तो एकमेकांत गुंततात. पण बाप तिच्यासाठी पैसेवाला नवरा शोधतो. खोनन हट्टानं काबालाच्या गूढ विद्येच्या मागं लागतो आणि त्यातच मरतो. लग्नाच्या दिवशी नवरीच्या तोंडून त्याचा आवाज येतो.

यात भुताटकी आहे, पण भीती वाटावी अशी नाही. मला लागलं ते वेगळंच. त्या पोराच्या आत्म्याला कुठंच जागा नाही. देह गेला, वर कुणी घेत नाही, आणि ज्या एका देहात त्याला घर सापडलं तिथून त्याला बाहेर काढायला मोठमोठे रब्बी मेणबत्त्या लावून बसलेत. हद्दपारी म्हणजे काय, हे मी इतिहासाच्या पेपरात दोनदा लिहिलंय. कळलं मात्र त्या संध्याकाळी.

जुना करार वाचणाऱ्यांना हे नवीन नाही. मंदिर पडलं, माणसं बाबेलला नेली गेली, नदीकाठी बसून रडली. पण यहुदी परंपरा त्याच्याही पुढं जाऊन एक गोष्ट सांगते. लोकांना हाकललं तेव्हा देवाची शखीना, म्हणजे त्याचं माणसांत वसणारं सान्निध्य, तेही त्यांच्याबरोबर परदेशी निघालं. म्हणजे देवसुद्धा निर्वासित. त्यांच्या भाषेत या अवस्थेला गालूत म्हणतात. 'दिब्बुक'मध्ये खोनन गीतरत्न गातो. रब्बी लोक ज्या पुस्तकाचा अर्थ देव आणि इस्राएल यांची प्रीती असा लावत आले, ते तो लेआसाठी गातो, आणि तरीही देवाला सोडून गातोय असं वाटत नाही. (कोकण किनाऱ्याला लागलेले बेने इस्राएल आपल्याला ठाऊक आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठीत कीर्तनं रचली. त्यावर कुणीतरी मंडळाच्या पुढच्या अंकात लिहावं, मी वाचेन.)

चित्रपट संपल्यावर मी हे कुणी लिहिलं म्हणून शोधायला बसलो, तर लेखक चित्रपटाच्या सतरा वर्षं आधीच वारलेला. त्याची गोष्ट मला त्याच्या नाटकाइतकीच धरून बसली, म्हणून हा लेख.

श्लोयमे झानव्हल रापोपोर्ट १८६३ साली रशियन साम्राज्यातल्या चाश्निकी या गावात जन्मला, विटेब्स्कच्या बाजूला, आजच्या बेलारूसमध्ये. बाप कामधंद्यासाठी बाहेरच असायचा. आई खाणावळवजा दारूचं दुकान चालवून पोरं सांभाळायची. मुलगा पारंपरिक शाळेत शिकला, हिब्रू आणि शास्त्र त्याला उत्तम येत होतं. पण विटेब्स्कमध्ये त्याला खाईम झिट्लोव्स्की नावाचा दोस्त भेटला, आणि दोघांनी मिळून रशियन पुस्तकं वाचायचा सपाटा लावला. अठराव्या वर्षाच्या आत बाहेर श्लोयमेचं ठरून गेलं होतं : हे सगळं जुनं, रब्बी, त्यांचे नियम, ती खेडवळ यिद्दिश, म्हणजे अंधार. आपण उजेडाच्या बाजूचे.

पोटापाण्यासाठी तो लिओझ्नो या लहान गावात शिकवण्या घेऊ लागला. शिकवताना तिथल्या पोरांच्या हातात त्यानं गुपचूप मोशे लिलिएनब्लूमचं आत्मकथन दिलं. धर्मपरंपरेपासून तुटलेल्या माणसाची ती कहाणी. गावात बभ्रा झाला आणि शिकवणीवाल्या मास्तरला गाव सोडावं लागलं. आपल्याच माणसांनी केलेली ही त्याची पहिली हद्दपारी. मला यात दोघांचीही बाजू दिसते. गावानं केलं ते वाईटच, पण तोही त्या गावाकडं माणूस म्हणून बघत नव्हता, सुधारायचं काम म्हणून बघत होता.

इथं माझं एक सांगून घेतो. पहिल्या वर्षाला असताना बाहेरच्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी बोलता बोलता 'करायलोय' म्हणालो. समोरची पहिली रांग हसली. परीक्षकांनी नंतर समजावलं, प्रेमानंच, की बेळगावी मराठी घरात ठेवावी. त्या दिवसापासून मी ती घरातसुद्धा ठेवली नाही. आजीशीही पुस्तकी बोलायला लागलो. ती म्हणायची, हा रेडिओसारखा बोलायलाय. मला त्यात मान वाटायचा. म्हणून श्लोयमेनं पुढं काय केलं ते मी जरा स्वार्थानंच वाचलं.

तो दक्षिणेला गेला. आधी हाताचं काम शिकला, मग दोन नद्यांच्या मधल्या दोनेत्सच्या खाणपट्ट्यात, मीठ आणि कोळशाच्या खाणींत कामगारांबरोबर राहिला. त्या काळच्या रशियन तरुणांमध्ये जनतेत जायचं वेड होतं. जनता म्हणजे रशियन शेतकरी आणि मजूर. आपल्या आईच्या दुकानात येणारी माणसंही जनताच, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. खाणकामगारांना त्याचं नाव म्हणता येईना, म्हणून तो सेम्योन अकिमोविच झाला. रात्री तो त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचा आणि कुठं ते हसतात, कुठं कंटाळतात, कुठं रडतात याच्या नोंदी ठेवायचा. अशिक्षित माणूस पुस्तकाकडं कसा बघतो यावर त्यानं नंतर पुस्तकही लिहिलं. ऐकून टिपून ठेवायची सवय त्याला तिथं लागली.

मग ग्लेब उस्पेन्स्की या रशियन लेखकाच्या आधारानं पीटर्सबर्ग, तिथल्या मासिकांत लेखन, आणि आन्स्की हे टोपणनाव. यहुद्यांना तिथं परवान्याशिवाय राहायची बंदी होती. १८९२च्या सुमाराला तो परदेशी निघाला आणि पॅरिसला पोचला. तिथं १८९४पासून वृद्ध क्रांतिकारक विचारवंत प्योत्र लाव्रोव यांचा तो खासगी सचिव होता, १९००मध्ये लाव्रोव वारले तोपर्यंत. एका देशत्यागी रशियनाची पत्रं लिहिणारा दुसरा देशत्यागी.

आणि तिथं, पॅरिसमध्ये, त्याच्या हातात यित्स्खोक लेब पेरेत्झ यांचं यिद्दिश लेखन पडलं. वर्ष १९०१. आन्स्की तेव्हा अडतीस वर्षांचा. पेरेत्झनी जुन्या हसिदी कथा घेऊन त्यांतून पूर्ण आजचं साहित्य केलं होतं, तेही त्या खेडवळ भाषेत. बाजारात भांडण्यापलीकडं ज्या भाषेचा उपयोग नाही असं त्याला वाटत होतं, तिच्यात सगळं सांगता येतं हे त्याला दुसऱ्याच्या पुस्तकातून कळावं लागलं. तो यिद्दिशमध्ये परत लिहायला लागला. १९०२मध्ये त्यानं लिहिलेलं शपथेचं गाणं बुंद या यहुदी कामगार पक्षाचं गीत झालं. गंमत म्हणजे तो स्वतः त्या पक्षाचा नव्हता, दुसऱ्याच समाजवादी पक्षाचा होता. माफी जाहीर झाल्यावर १९०५च्या अखेरीला तो रशियात परतला.

आता त्याच्या आयुष्यातला तो भाग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. १९१२ ते १९१४ या तीन उन्हाळ्यांत आन्स्की व्होलिनिया आणि पोडोलियातल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या, यहुदी वस्त्यांतून फिरला. पैसा ग्युन्झबुर्ग या बड्या घराण्याचा. पहिल्या फेरीत बरोबर संगीतकार योएल एंगेल आणि छायाचित्रकार म्हणून तरुण नातलग सोलोमन युदोविन. सामानात एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या. सुमारे सत्तर गावं त्यांनी पालथी घातली. दोन हजारांच्या आसपास छायाचित्रं, पाचशे नळकांड्यांवर गाणी आणि सूर, शेकडो कथा, वस्तू, हस्तलिखितं. घोडागाडीतून, चिखलातून. शिवाय माणसाच्या आयुष्याबद्दलची एक प्रश्नावली त्यानं तयार करवली. तिच्यात प्रश्न किती असावेत? २०८७. गर्भारपणापासून सुरुवात, मग बाळंतपण, दृष्ट, पाळणा, शाळा, लग्न, मरण, आणि त्यावर न थांबता मरणानंतर काय होतं तिथपर्यंत. आमच्या विद्यापीठाची प्रश्नपत्रिकाही त्यापुढं दयाळू वाटते.

या प्रश्नावलीच्या प्रस्तावनेत त्यानं एक धाडसी विधान केलं. नियमशास्त्र दोन आहेत, एक लिहिलेलं आणि एक तोंडी, असं यहुदी मानतातच. पण रब्बींच्या दृष्टीनं तोंडी शास्त्र म्हणजे तल्मुद. आन्स्की म्हणाला की सामान्य माणसांनी, बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टी, म्हणी, चालीरीती हेही तोंडी शास्त्रच. लक्षात घ्या, देवावरची त्याची श्रद्धा परत आली होती असं नाही. हा माणूस कधीच नेमानं सभास्थानात जाणारा झाला नाही. जे त्यानं सतराव्या वर्षी अंधार म्हणून टाकलं, तेच पन्नाशीच्या उंबरठ्यावर नळकांडीवर जपून घेऊन चालला होता, आणि ते जपणाऱ्या माणसांसारखं जगणं त्याला आता शक्य नव्हतं. लिओझ्नोत ज्या प्रकारच्या म्हाताऱ्यांनी त्याला हाकललं, त्याच प्रकारच्या म्हाताऱ्यांसमोर तो आता शहरी कपड्यांत, नरसाळ्यासारखं यंत्र घेऊन, आजोबा एक गाणं म्हणा म्हणत बसला होता. मला वाटतं 'दिब्बुक' तिथंच जन्मलं. खोनन आणि तो, दोघंही दाराबाहेरचे.

नाटकातल्या किती गोष्टी त्या फिरतीतल्या आहेत बघा. गावाच्या मधोमध नवरानवरीची कबर, १६४८च्या कत्तलीत लग्नमांडवातच मारलेल्या जोडप्याची, आणि लग्नाची वरात तिथं थांबून नाचते. अशा कबरी आणि त्यांच्या दंतकथा त्यानं एकाहून अधिक गावांत ऐकल्या होत्या. लग्नाआधी मेलेल्या आईला आमंत्रण द्यायला स्मशानात जाणं, लग्नात भिकाऱ्यांना जेवण आणि नाच, मेलेल्या माणसावर रब्बीच्या न्यायसभेत खटला चालवणं, हे सगळं जमवलेलं आहे. जमवलेलं असून ते संग्रहालय वाटत नाही. नाटकाचं दुसरं नाव त्यानं 'दोन जगांच्या मध्ये' असं ठेवलं. लिहिलं आधी रशियनमध्ये, मग यिद्दिशमध्ये.

१९१४च्या उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झालं आणि फिरती संपली. पुढची वर्षं तो गॅलिशियात होता, मदतकार्याच्या गणवेशात. रशियन फौजांनी जिंकलेल्या त्या मुलखात यहुदी वस्त्या लुटल्या, जाळल्या जात होत्या. लोकांना हजारोंनी घराबाहेर काढून रस्त्यावर हाकललं जात होतं. तो पैसे, औषधं पोचवत होता, पडक्या सभास्थानांतून पोथ्या उचलत होता, आणि रोज लिहीत होता. पुढं 'गॅलिशियाचा विध्वंस' हे त्याचं मोठं पुस्तक त्यातून झालं. त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका उद्ध्वस्त सभास्थानात त्याला दहा आज्ञांच्या पाटीचा तुटका तुकडा सापडला. हिब्रूत नकार आधी येतो आणि क्रियापद नंतर. नकाराचा भाग फुटून गेला होता. तुकड्यावर उरली होती ती फक्त खून आणि व्यभिचार यांची क्रियापदं, आज्ञेसारखी.

कथेत असं कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच केलं.

१९१७मध्ये क्रांती झाली. आन्स्की आपल्या पक्षातर्फे संविधान सभेवर निवडून आला. बोल्शेविकांनी ती सभा जानेवारी १९१८मध्ये एका बैठकीनंतर मोडून टाकली. आयुष्यभर ज्या क्रांतीची वाट पाहिली तिच्याच हातून धरले जायची पाळी आली, तेव्हा तो विल्नाला पळाला. सांगितलं जातं की पाद्र्याच्या वेषात. नवीन नियमशास्त्र लिहू पाहणारा हा यहुदी ख्रिस्ती पुरोहिताच्या झग्यात सरहद्द ओलांडतोय, हे चित्र मला हसवतं आणि लगेच हसू थांबतंही. त्या धावपळीत नाटकाची यिद्दिश प्रत हरवली. तोवर कवी बियालिकनी त्याचं हिब्रू भाषांतर केलेलं होतं. त्यावरून आन्स्कीनं आपलंच नाटक परत यिद्दिशमध्ये आणलं. मूळ लेखकच आपल्या भाषांतराचा भाषांतरकार.

विल्नातही स्वस्थता नव्हतीच. तिथं त्यानं यहुदी इतिहास आणि लोकजीवनासाठी संस्था उभी करायला हात लावला. एप्रिल १९१९मध्ये पोलिश सैन्य शहरात शिरलं, दंगल झाली, त्याचा लेखक मित्र वायटर मारला गेला. आन्स्की आजारी होता, मधुमेह आणि हृदय. तो वॉर्सोकडं आला आणि ८ नोव्हेंबर १९२० रोजी गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. 'दिब्बुक' तोपर्यंत एकाही रंगमंचावर आलं नव्हतं. मॉस्कोत स्तानिस्लाव्स्कींच्या थिएटरनं त्याचा विचार केला होता, जमलं नव्हतं.

विल्ना नाटकमंडळीनं मग ते शोकाचा तिसावा दिवस धरून बसवलं. ९ डिसेंबर १९२०, वॉर्सो. नाटक अफाट चाललं. दोन वर्षांच्या आत मॉस्कोत वाख्तांगोवनी हाबिमासाठी ते हिब्रूत बसवलं, आणि पुढं ते जगभर फिरलं. ज्याच्या लेखकानं पडदा उघडलेला पाहिला नाही असं नाटक, आणि त्यात बोलणारा नायक मेलेला.

आणि १९३७चा तो चित्रपट. दिग्दर्शक मिखाऊ वाशिन्स्की जन्मानं यहुदी, तेही व्होलिनियातलाच, जिथं आन्स्की नळकांड्या घेऊन फिरला. नाव बदलून, कॅथलिक होऊन तो पोलिश करमणूकपटांचा भरभर काम उरकणारा दिग्दर्शक झाला होता. पुढं युरोपात तो स्वतःला राजपुत्र म्हणवून घ्यायचा. १९६५मध्ये माद्रिदला वारला. आपण कुठून आलो ते आयुष्यभर झाकणाऱ्या या माणसानं एकदाच त्या भाषेत, त्या गल्ल्यांत जाऊन असा चित्रपट केला. दोष आहेत त्यात. हातवारे रंगभूमीचे, काही प्रसंग रेंगाळतात, आणि भूत उतरवायचा प्रसंग मला तरी आवाजानं भरलेला वाटला. पण दोन बापांचा तो पूर्वभाग, जो नाटकात असा उलगडून दाखवलेला नाही, सुंदर आहे. वाटेवर मधूनच उमटणारा आणि विरून जाणारा तो निरोप्या. आणि लेआच्या लग्नातला मृत्यूचा नाच. यहुदिता बर्गनं पांढरा मुखवटा घालून केलेला तो नाच पाहताना आमच्यातला एकजण मोबाइल बघत होता, त्यानं तो खाली ठेवला.

दोनच वर्षांत युद्ध आलं. पटकथेत हात असलेले आल्टर काट्सिझने, आन्स्कीचे स्नेही, १९४१मध्ये तार्नोपोलला मारले गेले. चित्रपटात ज्यांचा गाता आवाज आहे ते गेर्शोन सिरोटा वॉर्सोच्या घेट्टोत गेले. निरोप्याचं काम करणारा साम्बेर्गही वाचला नाही. खोनन आणि लेआ झालेले लेऑन लीबगोल्ड आणि लिली लिलियाना मात्र तेव्हा अमेरिकेत होते, म्हणून राहिले. आता तो चित्रपट बघताना गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याकडं नजर जाते. आन्स्कीनं ज्या गावांत प्रश्न विचारले तिथं उत्तरं द्यायला कुणी उरलं नाही.

नळकांड्या उरल्या. बऱ्याचशा किएवच्या वेर्नाद्स्की ग्रंथालयात आहेत, आणि २००५मध्ये युनेस्कोनं त्या संग्रहाची 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत नोंद केली. आन्स्की वॉर्सोच्या ओकोपोवा रस्त्यावरच्या दफनभूमीत आहे, एकाच समाधीत पेरेत्झबरोबर. पॅरिसमध्ये ज्याच्या पुस्तकानं त्याला परत फिरवलं, त्याच्या शेजारी.

गेल्या महिन्यात मी आजीसमोर मोबाइल ठेवला आणि तिला जात्यावरच्या ओव्या विचारल्या. आधी म्हणाली, कशाला पायजे तुला. मी म्हणालो, हवंय की. तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि मग सतरा ओव्या म्हटल्या, चारपाच अर्ध्या कानडीत. मी तिला लावून ऐकवल्या. तिला मुळीच पटलं नाही. तिचा आवाज असा नाही म्हणाली, दळताना दम लागतो तो यात कुठाय. माळ्यावरचं जातं खाली काढ आणि पहिल्यापासून घे, असं तिचं म्हणणं आहे. जातं मोठं आहे, माझ्या एकट्याच्यानं निघत नाही. येत्या रविवारी कुणी मोकळं असेल तर कळवावं.